कुसुमच्या सासरचं शेडकार्ड

आमच्या घरात भाकरी करपली तर चालायची, पण घडी वाकडी गेलेली चालायची नाही. उल्हासनगरच्या बराकींच्या कडेला आमच्या दोन खोल्या होत्या आणि त्यातली एक कायम जाड कागदाने भरलेली असायची. आई कपड्याच्या एका शेठसाठी शेडकार्डं करायची. शेडकार्ड म्हणजे लांब पुठ्ठ्याची पट्टी, पंख्यासारखी एक घडी पुढे आणि एक मागे अशी दुमडलेली. प्रत्येक घडीवर कापडाचे लहान तुकडे चिकटवायचे, खाली नंबर लिहायचा. गिऱ्हाईक आलं की शेठ कार्डाचं एक टोक धरून दुसरं सोडून द्यायचा आणि सगळे रंग एका झटक्यात गादीवर पसरायचे. चौथी झाली आणि मला शाळेतून काढून या घड्यांवर बसवलं. वाईट वाटलं का, असं माझी नात सलोनी विचारते. नाही वाटलं. शाळेत बाई मारायच्या. घरात फक्त आक्का मारायची, आणि तिचा हात हलका होता.

आक्का म्हणजे माझी मोठी बहीण कुसुम. सुरीच्या बोथट बाजूने रेघ ओढायची, दुमडायचं आणि चमच्याच्या पाठीने घडी दाबायची, हे काम ती न बघता करायची. तोंड मोकळं असायचं, ते ती बोलायला वापरायची. शेजारच्या बराकीत दिवसभर शिलाई मशीन चालायची, पलीकडे शेजारची सिंधी चाची पापड लाटायची, तिच्या लाटण्याचा आवाज आणि आमच्या चमच्याचा आवाज एका तालात आला की आक्का म्हणायची, "घ्या, बँडबाजा आला. नवरा कुठाय?" आई म्हणायची, "जिभेला हाड नाही या पोरीच्या." दुपारी चाची ताटलीभर सिंधी कढी पाठवायची, त्यात भेंड्या आणि गवार. आम्ही तिला जवळ्याची चटणी पाठवायचो. चाची मांसमच्छी खायची नाही असं जगाला सांगायची. ताटली मात्र धुतल्यासारखी परत यायची.

वाकडी घडी गेलेलं कार्ड शेठला चालायचं नाही, मला चालायचं. तीच माझी चित्रांची वही. सुट्या कागदावर चित्र काढलं की ते कडेला संपतं. घडीच्या पट्टीवर तसं नसतं. एका टोकाला चाचीची चूल काढली की पुढच्या घडीवर तिचा नवरा येतो, त्याच्यापुढे नळ, नळावरची भांडणं, भांडणं बघणारा कुत्रा. पट्टी उघडली की अख्खी गल्ली दिसते आणि मिटली की गल्ली फ्रॉकच्या खिशात जाते. आता अंबरनाथ पूर्वेला माझ्या टेबलावर सलोनीने मागवलेल्या तसल्याच वह्या पडलेल्या असतात, खास पाण्याच्या रंगासाठी केलेल्या, कागद असा जाड की पाणी ओतलं तरी पाठीला काही कळत नाही. पाठीमागच्या बाजूनेही काढता येतं. पहिली वही हातात आली तेव्हा सलोनी मला समजवायला लागली की आजी, ही अशी उघडते. मी म्हटलं, बाळ, गप्प बस.

रंगांची अडचण नव्हती. आमच्याकडे कपडे रंगवणाऱ्यांची कमी नाही, सांडलेली रंगाची पूड कोणीही द्यायचं. ती पाण्यात कालवून मी औषधाच्या बाटल्यांच्या बुचांमध्ये वाळवून ठेवायची, आणि ओला ब्रश फिरवला की रंग जागा व्हायचा. अडचण शाईची होती. दौतीतल्या शाईने रेघा काढायच्या आणि वर रंग द्यायला गेलं की रेघा पळायच्या. म्हशीची शिंगं तिच्या पोटात उतरायची. हे चाचीचा नवरा रोज ओट्यावरून बघायचा. त्याला आम्ही काका म्हणायचो. त्याचे वडील सिंधमध्ये कुणाच्या तरी पेढीवर मुनीम होते, हिशेबाच्या वह्यांची शाई घरीच करायचे. एक दिवस त्याला राहवलं नाही.

"ये शाई पानी से डरती है, बेटा," तो म्हणाला. "लाख डाल, लाख."

"कुठली लाख?"

"अरे, वही. लाकडाला पालिश मारतात ना, ती."

त्याने टाकणखाराच्या पाण्यात लाख उकळली, त्यात चाचीच्या स्टोव्हवरची काजळी घोटली आणि दिवसभर घोटत बसला. चाचीने त्याला सिंधीत जे काही सुनावलं ते कळायला भाषेची गरज नव्हती, कारण स्टोव्ह, पातेलं आणि त्याचा सदरा, तिन्ही काळे झाले होते. पण ती शाई वाळली की तिच्यावरून पाणी फिरवा, रंग फिरवा, हलायची नाही. फक्त वाळायला वेळ घ्यायची. हे "फक्त" पुढे महत्त्वाचं ठरलं.

आक्काला स्थळं येत होती आणि आक्का ती परत पाठवत होती. तिचं म्हणणं एकच. मुलाकडचे येऊन आपलं घर बघतात, मुलगी बघतात, चालून दाखव म्हणतात. मुलीकडून घर बघायला जायचं ते बापाने आणि मामाने. जिला तिथे राहायचं ती घरी. बदलापूरजवळ शिरगावचं स्थळ आलं तेव्हा मामा खूश होता. मुलगा दिनकर अंबरनाथच्या एमआयडीसीत कारखान्यात लागलेला, घरी एकटी आई, आपल्याच समाजाचे, थोडी शेती. आई म्हणाली, या वेळी नाही म्हटलीस तर मी बोलणार नाही तुझ्याशी. आक्का चमचा घासत राहिली.

"शेठ कापडाचा तुकडा कार्डावर बघितल्याशिवाय तागा घेत नाही," ती म्हणाली. "आणि मी अख्खं घर न बघता घेऊ?"

"मग काय घर उचलून आणू इथे?" मामा भडकला.

"नको. विमलला न्या. ती शेडकार्ड आणेल."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी चाचीचा पापड खात होते.

बाबा मवाळ माणूस. ते मला घेऊन गेले, पण वाटेत दहादा बजावलं की लोकांसमोर कार्ड काढायचं नाही, म्हणतील पोरगी घराचं माप घ्यायला आली. तेव्हाचं शिरगाव म्हणजे भातशेती आणि मध्ये मध्ये कौलं. बाबा आणि मामा पुढच्या अंगणात खाटेवर बसले आणि दिनकरच्या चुलत्याशी भाताबद्दल बोलायला लागले. घर बघायला गेलेले पुरुष घर सोडून सगळं बघतात. मी "लघवीला" म्हणून मागे सटकले.

मागच्या बाजूला घर खरं होतं. मी एका दगडावर बसले आणि काढत गेले. पुढच्या घडीवर खाटेवरचे तिघे मी आधीच डोळ्यांत घेतले होते, ते काढले. मग गोठा, कोंबड्या, पेंढ्याची उडवी. मग स्वयंपाकघराचं मागचं दार, त्यातून येणारा धूर. विहीर मात्र लांब होती. गावची विहीर जवळच दिसत होती, पण ती आमच्या लोकांना नव्हती. आमच्या वस्तीची विहीर शेताच्या पार टोकाला. मधलं अंतर कळावं म्हणून मी शेवटच्या घडीवर लांबलचक बांध काढला आणि विहीर अगदी कडेला नेऊन टेकवली. मला वाटलं, आक्काला खरं ते कळलं पाहिजे. बांधावरून एक माणूस कावड घेऊन येत होता, अर्धी चड्डी, गुडघ्यापर्यंत चिखल, दोन्ही बाजूंना हंडे. त्याला काढलं. विहिरीचं तोंड सगळ्यात शेवटी, काकांच्या शाईने, गच्च काळं भरलं.

तेवढ्यात मागून आवाज आला. "काय लिवतंस गो?"

दिनकरची आई. काळी, उंच, हातात कोयता. मी कार्ड झपकन मिटलं, दगडावर ठेवलं आणि त्याच्यावर बसले.

"काही नाही."

"काय न्हाय त बसलंस कशाला उनात? भाकर खातंस?"

मी हलू शकत नव्हते, म्हणून तिने ताट तिथेच आणलं. तांदळाची भाकरी, वर सुकटीचं कालवण, कच्चा कांदा. इतकं चांगलं कालवण मी आयुष्यात फार वेळा खाल्लेलं नाही. दुसरी भाकरी वाढली, ती खाल्ली, तिसरीही खाल्ली. ती माझ्याशेजारी कोंबड्यांना शिव्या देत बसली होती आणि मी कार्डावर माझं सगळं वजन टाकून जेवत होते. थोड्या वेळाने कावडवाला तोच माणूस इस्त्रीचा शर्ट घालून, केस ओले विंचरून पुढच्या अंगणात गेला आणि मामाला "जय भीम" म्हणाला. तोच दिनकर.

घरी आल्यावर सगळे जमले. चाचीसुद्धा आली, पिठाच्या हातांनी. आक्काने कार्डाचं टोक धरलं आणि शेठसारखं सोडून दिलं. मी बघितलं. विहिरीची ओली शाई समोरच्या घडीवर उतरली होती. ज्याने असं दुमडलेलं कार्ड हाताळलंय त्याला कळेल. दोन घड्या एकमेकींवर मिटतात तेव्हा एकीचं लांबचं टोक दुसरीच्या लांबच्या टोकावर जाऊन बसतं. मी विहीर जितकी दूर नेली होती तितकी ती उलटी येऊन नेमकी स्वयंपाकघराच्या दाराशी छापली होती. गोल, काळी, स्वच्छ. खरी विहीर मी वर बसल्याने फिकी पडली होती, कोणी म्हणेल खळं आहे.

"अगं बाई, विहीर दारातच?" आई म्हणाली.

"असेल मागे," मामा म्हणाला. "आम्ही पुढे बसलो होतो ना."

"कुआँ दरवाजे पे!" चाचीने हात जोडले. "कुसुम, आँख बंद करके हाँ बोल."

मी तोंड उघडलं. "आक्का, ती विहीर—" आणि आक्काने माझ्या तोंडात गुळाचा खडा कोंबला. हलकं नव्हतं ते. ती कार्डावर वाकली होती, तिचं बोट कावडवाल्यावर होतं.

"हा कोण? गडी?"

मला बोलता येत नव्हतं. मी मान हलवली आणि इस्त्रीच्या शर्टाची खूण केली, केस विंचरल्याची खूण केली. आक्काने त्या चिखलाच्या पायांकडे बराच वेळ बघितलं. मग कार्ड मिटलं, चमच्याने एकेक घडी दाबली आणि आईला म्हणाली, "विहीर दाराशी आहे ना? मग माझी हरकत नाही."

लग्न झालं. पांढऱ्या साडीत आक्का चांगली दिसली, मामाने भात जास्त शिजवला, काकांनी माझ्या शाईचा डाग पडलेलाच सदरा घातला. मी सोडून सगळे आनंदात. बहिणीला मी पाण्याच्या पायपिटीत ढकललं आणि तिला अजून माहीतच नाही, या विचाराने मला जिलबी गोड लागली नाही. तरी खाल्ली.

उन्हाळ्यात मला तिच्याकडे राहायला पाठवलं. मी घाबरतच गेले. पहिल्या संध्याकाळी आक्का डोक्यावर दोन हंडे घेऊन बांधावरून आली, पाणी ओतलं, हात पुसले, ट्रंकेतून कार्ड काढलं आणि सासूसमोर जमिनीवर सोडून दिलं.

"आत्याबाई, ही विहीर बघून मी हो म्हटलं होतं. कुठाय ती?"

सासू वाकली. डोळे बारीक केले. "हितं इहीर कवा हुती?"

"चित्रात आहे."

"चित्रात कोनी घातली?"

"जिने घातली ती तिथे बसलीय."

सगळे माझ्याकडे वळले. दिनकरभावजी नुकतेच कारखान्याच्या पाळीवरून आले होते, तेही. मी रडत रडत सगळं सांगितलं. ओली शाई, दगड, मिटलेलं कार्ड, तीन भाकऱ्या. सांगून झालं. मग सासूच्या घशातून कसलासा आवाज आला. मला वाटलं ठसका. ती हसत होती. भिंतीला टेकून, पदर तोंडात कोंबून, पाय आपटत हसत होती.

"म्हंजी मी भाकर वाढत हुते तवा तू इहिरीवर बसली हुतीस! अंडं उबवतंस तशी! आनी इहीर उबली, दारात आली!"

आक्का हसली नाही. ती दिनकरभावजींकडे बघत होती. त्यांनी कार्ड हातात घेतलं होतं आणि ते स्वतःला बघत होते, अर्ध्या चड्डीत, कावडीखाली वाकलेले. कान लाल झाले होते. "मला असं कशाला काढलंस गं?" एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते पहार घेऊन मागे गेले, कार्ड उघडून दारापासूनचं अंतर बघितलं, आणि चित्रात जिथे छाप पडला होता तिथे पहिला घाव घातला.

मी तो उन्हाळाभर तिथे राहिले. वस्तीत चेष्टेला ऊत आला होता. येणारा जाणारा विचारायचा, काय दिनकर, चित्रातलं पाणी लागलं का? चुलता म्हणाला, कातळ आहे, खुळ्या पोरीच्या डागावर माणूस खणतो का? भावजी रोज पाळी संपली की खणायचे. आक्का माती ओढायची, सासू शिव्या देत पाट्या उचलायची, मी बाजूला बसून एका वाकड्या कार्डावर खड्डा रोज काढायची. पहिल्या घडीवर खड्ड्यात भावजींचे गुडघे दिसत होते, मग कंबर, मग खांदे. मग नुसती पहार. दोन पुरुष खोल गेल्यावर काळा दगड लागला आणि पहार ठणकन उडाली. त्या दिवशी कोणी जेवलं नाही. आक्का खड्ड्याच्या कडेला बसून म्हणाली, "नसेल पाणी तर राहू द्या." तिला असं हळू बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं. तेव्हा मला कळलं की तिला ती विहीर किती हवी होती. हंड्यांसाठी नाही फक्त. गावच्या विहिरीवरून रोज जाताना तिथल्या बायका आपापल्या कळशा जवळ ओढून घ्यायच्या, ते मी पाहिलं होतं.

भावजींनी कारखान्यातल्या दोन दोस्तांना आणलं. तिघांनी घण घातले, छिन्न्या लावल्या. दगड फुटायला आठवडा गेला असेल. आणि एके दुपारी खालून भावजींचा आवाज आला, "कुसुम, चूळ भरायला ये." वर आली ती बादली चिखलाची होती, पण चिखल ओला होता आणि थंड होता. सासूने त्यात हात घातला, तोंडाला फासला, माझ्या तोंडाला फासला, चुलत्यामागे धावली आणि त्यालाही फासला. संध्याकाळपर्यंत गुडघाभर पाणी चढलं. अख्खी वस्ती भांडी घेऊन आली. कोणालाही परत पाठवलं नाही. सासूने मोठ्या टोपात सुकटीचं कालवण केलं आणि लोकांनी विहिरीच्या मातीच्या ढिगावर बसून खाल्लं. काळ्या तोंडाची ती म्हातारी वाढताना प्रत्येकाला सांगत होती, "ही विमल. हिनं उबवली."

जायच्या आदल्या दिवशी मी आक्काला विचारलं, गुळाचा खडा का कोंबलास? ती विहिरीच्या कडेला भांडी घासत होती.

"घड्या घालण्यात माझा जन्म गेला," ती म्हणाली. "ओला छाप मला कळत नाही होय?"

"मग हो कशाला म्हणालीस?"

"त्या घरात पाणी पुरुष आणत होता. तो इस्त्रीचा शर्ट घालून तुमच्यासमोर बसला, पण त्याच्या आधी पाणी भरून आला. असल्या माणसाला सांगितलं तर तो खणेल. आणि सांगायला काहीतरी पाहिजे ना हातात? ते तू छापून दिलंस."

हे सगळं परवा पुन्हा आठवायचं कारण म्हणजे मी आक्काकडे गेले होते. शिरगाव आता शिरगाव राहिलेलं नाही. शेतावर टॉवर आले, बांधावर जिम आलं. भावजी गेले, सासू कधीच गेली. आक्काचं घर मात्र जागेवर आहे आणि मागच्या दारात विहीर आहे, वर लोखंडी जाळी, कडेला पंप. समोर एक नवीन बिल्डिंग इतकी जवळ उभी राहिलीय की तिसऱ्या मजल्यावरची बाई आक्काच्या भाजीत मीठ पडलं का ते विचारते. मी दगडावर बसले, म्हणजे प्लास्टिकच्या खुर्चीवर, गुडघे आता दगड मानत नाहीत. वही उघडली, विकतच्या काळ्या शाईने विहीर काढली, दार काढलं, आक्काला काढलं, तिचं तोंड उघडंच काढलं. समोरच्या घडीवर ती बिल्डिंग, सगळ्या खिडक्यांसकट, वर ओला निळा रंग. ऊन डोक्यावर आलं तशी मी वही मिटायला घेतली.

आक्का आतून ओरडली. नजर अजून चांगली आहे तिची.

"वाळल्याशिवाय मिटू नकोस गं बाई! ती बिल्डिंग दारात यायची माझ्या!"

मी वही उघडीच ठेवली, विहिरीच्या कठड्यावर, चार घड्या उभ्या करून. वाळेपर्यंत आम्ही भाकरी खाल्ली.